पाचशे मैलांची ज्वारी

मिस्त्री नवी चप्पल घेत तेव्हा पहिले आठ दिवस ती घालून नुसते बसत. चालत नसत. आमच्या गिरणीच्या ओट्यावर पाय सोडून अर्धा तास बसायचं, मग चप्पल काढून कोनाड्यात ठेवायची आणि जुनी घालून कामाला लागायचं. नवव्या दिवशी विहिरीपर्यंत चालायचं. पंधराव्या दिवशी बाजारात. दळणाला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसत. एकीने विचारलंच, "मिस्त्री, बसून चप्पल झिजती व्हय?"

"झिजत न्हाई बाई. वळख हुती," ते म्हणाले.

नव्या वस्तूला घाई करायची नाही, हे त्यांचं एकच मत होतं आणि ते त्यांनी सगळ्या जगाला लावलं होतं. नवी घोंगडी ते आधी दुपारच्या झोपेला वापरत. नव्या तव्यावर पहिल्या दिवशी एकच भाकरी करत. शाळेत नवे मास्तर आले तेव्हा वडिलांनी विचारलं, माणूस कसा वाटतो. मिस्त्री म्हणाले, "आजून पन्नास मैल बी न्हाई झालं. आत्ताच काय सांगू?" ते मास्तर तीन वर्षांनी बदलून गेले. तोवरही मिस्त्रींचं मत तयार व्हायचंच होतं.

माझी आई लवकर गेली. सातवीची परीक्षा झाली आणि मी कोरेगावातल्या आमच्या पिठाच्या गिरणीत उभी राहिले. वडिलांचा पाय अधू होता. ते ओट्यावर बसून वजन करत आणि आतलं सगळं मी बघे. कुणी माझ्या लग्नाचा विषय काढला की गिरणीच्या आवाजात वडिलांना ऐकू येत नसे. मी एकोणीस वर्षांची झाले तरी त्यांना ऐकू येत नव्हतं. त्याच सुमाराला मिस्त्री आले.

ते मिरजेकडचे. घरात तीन पिढ्या लोहारकाम. लष्करात काही वर्षं मोटारसायकली दुरुस्त करून परत आले होते आणि आमच्या गिरणीला लागून असलेली पडवी त्यांनी भाड्याने घेतली होती. उंच, वाळके, अंगात बाराही महिने खाकी कोट. वय तेव्हा पस्तिशीचं असेल. मला ते म्हातारे वाटत. आज मी त्या वयाच्या बरीच पुढे आले आहे.

साताऱ्यापासून फलटणपर्यंत ज्या थोड्या लोकांकडे मोटारसायकली होत्या त्यांच्या त्या मिस्त्रींकडे येत. इंजिन झिजलं की ते त्याचं नळकांडं आतून कापून साफ करत आणि त्यात नवा दट्ट्या बसवत. मग खरं काम सुरू होई. नवा दट्ट्या आणि ताजं कापलेलं नळकांडं एकमेकांना अनोळखी असतात. दोघांच्या अंगावर डोळ्यांना न दिसणारी कुसं असतात. ती हळूहळू घासून गेली तर इंजिन वीस वर्षं चालतं. पहिल्याच दिवशी गाडी पळवली तर दट्ट्या तापून फुगतो आणि जागच्या जागी अडकून बसतो. म्हणून पहिले पाचशे मैल ताशी वीस मैलांच्या वर जायचं नाही. याला मिस्त्री इंजिन रुळवणं म्हणत. कोरेगावची माणसं गाडी चरायला नेणं म्हणत.

"काय मिस्त्री, गाडी चरायला चालली व्हय?"

"व्हय. आज रहिमतपूरकडं हिरवं हाय."

गाडी रुळवायला ते मालकाला कधी देत नसत. मालक म्हणजे घाई, असं त्यांचं म्हणणं. पाचशे मैल ते स्वतः चालवत आणि मगच गाडी सोडत. मैल मोजायचं यंत्र बहुतेक गाड्यांवर मोडलेलं असे. त्यासाठी मिस्त्रींनी तोड काढली होती. निघताना आमच्या गिरणीतली मूठभर ज्वारी ते कोटाच्या उजव्या खिशात टाकत. रस्त्यात मैलाचा दगड आला की एक दाणा डाव्या खिशात. घरी आल्यावर डाव्या खिशातले दाणे त्या गाडीच्या नावाच्या पुरचुंडीत. दाणे माझ्याकडूनच जात, तेव्हा मी एकदा विचारलं, "खडे का नाही वापरत?"

"खडं जड. खिसा फाटतो. आन ज्वारी मोजताना माणूस घाई करत न्हाई, खाली सांडंल म्हणून."

साताऱ्याच्या एका वकिलांची गाडी होती. दोनशे मैल झाले तेव्हा वकील स्वतः आले आणि गाडी मागू लागले. खटला होता, रुबाबात जायचं होतं. मिस्त्री म्हणाले, "मागं बसा. म्या सोडतो कोर्टात." बारा मैल ते वकिलांना वीसच्या वेगाने घेऊन गेले आणि चढाला दहाच्या. निम्म्या वाटेत सायकलवर दुधाच्या किटल्या लावलेला एक गवळी मागून आला. तो वकिलांचाच पक्षकार निघाला.

"रामराम वकीलसाहेब. गाडी नादुरुस्त हाय व्हय?"

"नवी आहे," वकील म्हणाले.

"आसं व्हय. मंग मी म्होरं हुतो. कोर्टात सांगतो, सायेब निघाल्यात म्हणून."

वकिलांनी पुढे वडिलांकडे तक्रार केली की हा माणूस वाटेत काय बोलला माहीत आहे का. "मी म्हटलं, जरा लवकर चला, तर हा म्हणतो, तुमी तारीख म्होरं ढकलता तवा पक्षकार बी असंच म्हणतो." वडील आठ दिवस हसत होते. ती गाडी मात्र मी लग्न होऊन गेले तरी साताऱ्यात चालू होती.

त्या दिवसांत लढाईमुळे पेट्रोल कुपनावर मिळे आणि तेही नखभर. पाचशे मैल रुळवायला पेट्रोल आणणार कुठून? गिरणीच्या इंजिनाला मात्र परवान्यावर तेल मिळे, कारण माणसांना भाकरी लागते. एक दिवस मिस्त्री गिरणीत येऊन छताखालच्या शाफ्टकडे बराच वेळ बघत उभे राहिले. शाफ्टवर तीन पुल्या होत्या. मोठी जात्याची, मधली मिरची कांडायची आणि टोकाला एक लहान, बिनकामाची. त्यांनी वडिलांना विचारलं, "ही बारकी काय करती?"

"काय न्हाई. फिरती आपली."

"मंग तिला कामाला लावूया."

त्यांनी इंजिन गाडीतून काढून एका लाकडी घोडीवर बसवलं, त्याच्या टोकाला लाकडाची पुली ठोकली आणि आमच्या बारक्या पुलीवरून तिला पट्टा जोडला. आम्ही ज्वारी दळायचो आणि शेजारी मोटारसायकलचं इंजिन पेट्रोलचा थेंबही न पिता संथपणे फिरायचं. वर टांगलेल्या डब्यातून त्यात तेल ठिबकायचं. अशा तीन-चार दिवसांनी पहिली कुसं मोडत आणि मग रस्त्यावर पाचशे मैल करताना इंजिन फारसं त्रास देत नसे. मैल मात्र पाचशेच. गिरणीतले दिवस ते मैलांत धरत नसत. "ते उठून बसणं झालं. चालणं न्हवं," म्हणत.

अडचण पिठाची होती. पिठाची धूळ तेलात गेली की लेप होतो. म्हणून घोडीभोवती ओल्या धोतराचा पडदा बांधलेला असे आणि तो दर घटकेला भिजवायचं काम माझ्याकडे आलं. पडद्याच्या आत तेलाचा वास, बाहेर पिठाचा. मिस्त्री बाहेर येत तेव्हा भुवयांपर्यंत पांढरे झालेले असत.

पडदा भिजवता भिजवता मी शिकले. त्यांनी शिकवलं असं म्हणता येणार नाही. मी विचारायची, ते सांगायचे. तेलाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घेऊन उन्हात धरायचा. त्यात चांदीसारखं चमकलं तर इंजिन अजून नवं आहे. पेचकसाचं टोक इंजिनाला लावायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. पहिल्या दिवशी आत वाळू चाळल्यासारखं ऐकू येई. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीत कुणी वाकळ ओढतंय असं.

"आता काय ऐकू येतंय?" पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं.

"काहीच नाही."

"मंग झालं," ते म्हणाले. मला सातवीच्या निकालानेही इतका आनंद झाला नव्हता.

लढाई संपली आणि लष्कराच्या मोडक्या गाड्या लिलावात निघाल्या. मिस्त्री पुण्याला जाऊन तीन मोटारसायकलींचे अवशेष बैलगाडीत घालून घेऊन आले. त्या तिन्हींतून एक करायची आणि ती स्वतःला ठेवायची, असं त्यांनी ठरवलं. सगळं जमलं, दट्ट्या जमेना. त्या मापाचा दट्ट्या मिळायला जवळजवळ वर्ष गेलं. तो आला त्या दिवशी त्यांनी तो कापडात गुंडाळून दोन दिवस उशाशी ठेवला. अर्थातच.

तेव्हा मी विचारलं, "मिस्त्री, इतक्या गाड्या रुळवल्या. त्यातली एखादी जोरात पळवली का कधी?"

ते विचारात पडले. "न्हाई. पाचशे झालं की मालक नेतो."

म्हणजे या माणसाने आयुष्यात वीसच्या वर गाडी नेलेलीच नव्हती. मला हसू आलं. त्यांनाही आलं असावं.

"ही पळवायची," ते म्हणाले. "स्टेशनामागं जी सरळ सडक जाती, तिथं. पाचशे झालं की." मग थोड्या वेळाने, पट्ट्याला राळ लावता लावता, "पयल्यांदा मूठ तुमी पिळायची, मालकीनबाई. मी मागं बसतो. तोवर मी बी पिळणार न्हाई."

मालकीणबाई ते मला थट्टेने म्हणत. हे मात्र थट्टेने म्हटलेलं नव्हतं. त्यानंतर त्यांनी मला मागचं चाक उचललेल्या जुन्या गाडीवर बसवून क्लच आणि गिअर दाखवले. नऊवारीचा काष्टा असतो. अडचण गाडीला नव्हती, झाली असती तर लोकांना झाली असती. वडील ओट्यावरून बघत होते. त्यांना त्या वेळी ऐकूही येत नव्हतं आणि दिसतही नव्हतं.

मला ती सडक हवी होती. इतकी दुसरी कुठलीही गोष्ट मी तोवर मागितली नव्हती. दळण, वजन, पाखडणं, परत दळण, यात माझी सगळी वर्षं एका जागी फिरत गेली होती. शाफ्टवरच्या त्या बारक्या पुलीसारखी म्हणा. आणि इथे एक सरळ रस्ता कुणीतरी माझ्या नावावर केला होता. मी रात्रंदिवस मैल मोजू लागले. अजून एकही झाला नव्हता. इंजिन घोडीवरच होतं.

एका शुक्रवारी मिस्त्री नमाजाला साताऱ्याला गेले. जाताना म्हणाले, पडदा वला ठेवा, बाकी कशाला हात लावू नका. गिरणीत गर्दी नव्हती. मी इंजिनाकडे बघत बसले आणि माझ्या मनात एक साधं गणित आलं. बारक्या पुलीऐवजी मिरचीच्या पुलीवरून पट्टा घेतला तर इंजिन दुप्पट फिरेल. चार दिवसांचं काम दोन दिवसांत होईल. तेवढे दोन दिवस सडक जवळ येईल. मी घोडीच्या पाचरी काढल्या, घोडी हातभर पुढे ओढली आणि पट्टा मधल्या पुलीवर चढवला. छान फिरलं. मी स्वतःवर खूश झाले.

मी पट्ट्याचं गणित केलं होतं, तेलाचं केलं नव्हतं. डब्याची तोटी पंचवीस फेऱ्यांना एक थेंब अशी लावलेली होती. आता पन्नास फेऱ्यांना एक थेंब पडत होता. वीसेक मिनिटांनी पट्टा किंचाळला, कातडं जळल्याचा वास आला आणि पट्टा उडून भिंतीवर आदळला. इंजिन थांबलं होतं. पुली मी दोन्ही हातांनी फिरवून पाहिली. हलली नाही.

मिस्त्री संध्याकाळी आले. घोडी पुढे सरकलेली त्यांनी दारातूनच पाहिली. जवळ जाऊन त्यांनी तळहात नळकांड्यावर ठेवला, ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि बराच वेळ उचलला नाही. मी म्हटलं, "मी केलं."

"किती येळ चाललं?"

"वीस मिनिटं."

त्यांनी डब्याच्या तोटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी तुमाला पट्टा दावला. तेल न्हाई दावलं. चूक माजी," ते म्हणाले. "पडदा भिजवा. उघडून बघू."

ते रागावले असते तर मी कधीच विसरून गेले असते.

दट्ट्यावर उभे ओरखडे होते. बारीक पॉलिशच्या कागदाने ते हाताने घासून काढायला त्यांना दीड महिना लागला. मग दट्ट्याभोवती बसणाऱ्या नव्या कड्या लागणार होत्या. त्या मिळायला आणखी सहा महिने गेले. दुरुस्ती चालू असताना एकदाही ते माझ्या त्या वीस मिनिटांबद्दल बोलले नाहीत. कड्या आल्यावर इंजिन पुन्हा घोडीवर चढलं, पुन्हा बारक्या पुलीवर, आणि मी पडदा भिजवण्यापलीकडे कशालाही हात लावला नाही.

गाडी शेवटी रस्त्यावर आली. मीच ज्वारी दिली. कुपनांवर आठवड्याला वीस-पंचवीस मैल होत. पुरचुंडीत दोनशे साठ दाणे झाले तेव्हा मिस्त्रींना सांगलीहून बोलावणं आलं. तिथल्या एका कारखान्यात शेतीच्या इंजिनांचं काम होतं. इकडे त्यांच्याकडे फारशा गाड्या येईनाशा झाल्या होत्या. त्यांनी दोन पिंपं सामान बैलगाडीने पुढे पाठवलं आणि सकाळी गाडी ओट्यासमोर उभी केली.

"सांगलीला सत्तर मैल हुतील," ते म्हणाले. "ऱ्हायलेलं तिकडं करतो. शेवटचं सत्तर राखून ठेवतो, हिकडं यायला. ओट्याला टेकलो की पाचशे."

"या," मी म्हटलं.

ते निघाले. आमच्या ओट्यावरून रस्ता ओढ्यापर्यंत दिसे, आणि पुढचा चढही दिसे. दुसऱ्या कुठल्याही गाडीवरून माणूस तेवढं अंतर दोन मिनिटांत गेला असता. मिस्त्री दिसेनासे व्हायला खूप वेळ लागला. चढावर तर गाडी जवळजवळ उभीच होती. मी पळत गेले असते तर गाठलं असतं. आत दळण होतं.

दोन महिन्यांत वडिलांना अचानक ऐकू येऊ लागलं. जतचं स्थळ चालून आलं होतं, मी बाविशीची झाले होते, आणि वडिलांचा पायही आणखी बिघडला होता. गिरणी चुलतभावाने बघायची ठरली. माघात लग्न झालं. मिस्त्रींचा सांगलीचा पत्ता मला माहीत होता. मी कार्ड लिहिलं नाही. काय लिहिणार होते? थांबा म्हणून, की घाई करा म्हणून?

हिशेब सोपा आहे. ती वीस मिनिटं नसती तर साडेसात महिने वाचले असते, आणि मिस्त्री कोरेगावात असतानाच पाचशे झाले असते.

माझी तक्रार नाही. नवरा चांगला निघाला. जतला कोरडं रान आणि मेंढरं, सासूबाई निम्मं कानडीत बोलायच्या, पण ज्वारी तिथेही होती. पाच वर्षांत मी नवऱ्याला गिरणी घालायला लावली. ती अजून मीच बघते. गेल्या साली थोरल्या मुलाने मोटारसायकल घेतली आणि आईला हौस म्हणून मागे बसवून विजापूरच्या रस्त्याला साठाने पळवून आणली. वारा लागला, पदर उडाला. उतरल्यावर त्याने विचारलं, कसं वाटलं. मी म्हटलं, पाचशे झालेत का? तो म्हणाला, आई, आता तसलं कुणी बघत नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला मी माहेरी आले होते. सकाळी गिरणीत गेले. वडील ओट्यावर होते. पाय चोळता चोळता त्यांनी सहज सांगितलं, "मिस्त्री येऊन गेलं वैशाखात."

"काय म्हणाले?"

"काय म्हणत्यात. तू हायस का इचारलं. म्हनलं, जतला दिली. बरं म्हनलं. च्या घ्या म्हनलं, तर नगं म्हनलं. उतरलं बी न्हाईत गाडीवरनं."

"आणखी?"

"एक पुरचुंडी दिली. मालकीनबाईस्नी द्या म्हनलं."

"कुठे आहे?"

"आता कुठली? ज्वारी हुती गं, मूठभर. एवढ्याशा ज्वारीचं काय करायचं? किडंल म्हणून टाकली दळणात."

"कुणाच्या?"

"आता ते काय ध्यानात ऱ्हातंय? असंल कुनाचं तरी."

म्हणजे कोरेगावात कुणीतरी ते पाचशे मैल भाकरी करून खाल्ले. वडिलांचं काही चुकलं नव्हतं. गिरणीवाल्याच्या हातात ज्वारी दिली की तो ती दळतो. मीही दळली असती.

बाहेर बायकांची रांग लागली होती. सणाचं दळण. मी वडिलांना एकच गोष्ट विचारली. जाताना गाडी कशी गेली?

"कशी म्हंजे?"

"जोरात गेली का?"

"ती कुठली जोरात जातीया. हळूच की, नेहमीसारखी. सायकलवाला गवळी म्होरं गेला त्यास्नी टाकून."

मी उठले, पदर खोचला आणि पट्टा चढवला.